भात सोडला तरी पाय तसेच

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी निपाणीजवळच्या गावातली, वय ३४. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझे दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत जाड झालेत आणि नुसते जाड नाहीत तर दुखतात, बारकं पोरगं मांडीवर चढताना त्याचं कोपर लागलं तरी जीव कळवळतो, कुठं आपटलं ते आठवत नाही पण निळेकाळे डाग उठलेले असतात. सासूबाई म्हणाल्या भात बंद कर, चार महिने भात नाही गोड नाही, ब्लाऊज सैल झाले, गाल बसले, पाय होते तसेच. शेजारीण म्हणते हत्तीरोग असणार. एका दवाखान्यात लघवीच्या गोळ्या दिल्या, तोंडाला कोरड पडली फक्त. काय करू?

उत्तर : ताई, चार महिने पोटाला चिमटा काढलात तरी पाय उतरले नाहीत यात तुमची चूक काहीच नाही, हे आधी सांगते आणि सासूबाईंनाही हे वाचून दाखवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला लिपेडिमाची शंका येते. यात कातडीखालची चरबीच वेगळ्या तऱ्हेनं वाढते आणि दुखते, जेवण कमी केलं की कंबर उतरते पण ही चरबी सहसा हटत नाही. बहुतेक बायकांनाच होतो, वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना सुरू होतो म्हणून हार्मोनशी संबंध मानतात, आणि कितीतरी घरांत आई-मावशीचे पायही तसेच असतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९४० मध्येच याचं वर्णन केलंय, तरी आजही बायकांना "वजन कमी करा" एवढंच ऐकून परत यावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

घरी एक बघा. पैंजण घालता ना, ते जिथं बसतं तिथं चरबी एकदम थांबून वळी पडल्यासारखी दिसते का आणि खाली पाऊल बारीकच आहे का? सलवार दोन साइझ वाढली पण चप्पल तीच सहा नंबरची, असं असेल तर ही मोठी खूण. हत्तीरोगात पाऊल आणि बोटंही सुजतात, बहुतेक वेळा एका पायाला जास्त. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघा, लिपेडिमात ती सहज उचलते, हत्तीरोगाच्या सुजेत बहुतेकदा उचलत नाही. आणि नडगीवर अंगठा दाबून धरला की खड्डा पडून राहत असेल तर ते पाणी, त्याची कारणं वेगळी. लिपेडिमात मुळात पाणी साठत नाही म्हणून लघवीच्या गोळ्यांचा उपयोग नाही, पण कुणी बीपी किंवा हार्टसाठी दिल्या असतील तर मनानं बंद करू नका.

एवढ्यावर निदान पक्कं होत नाही हं. याची अशी एक रक्ततपासणी नाहीच, डॉक्टर हातानं तपासूनच ठरवतात, पण थायरॉईड, किडनी आणि पायाच्या शिरांचा डॉपलर (रक्त नीट वाहतंय का हे बघणारी सोनोग्राफी) करून बाकीचं बाजूला काढावं लागतं. बेळगावला व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे डॉक्टर) किंवा प्लास्टिक सर्जनना दाखवा. समोरचे डॉक्टर कन्नड बोलणारे असले तरी लिपेडिमा हा शब्द तोच, सरळ विचारा "लिपेडिमा असेल का?" लाजू नका.

मुळापासून घालवणारं औषध आज नाही, पण दुखणं कमी होतं. पायाचं माप घेऊन बनवलेले प्रेशरचे मोजे सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचे (पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय नको, विशेषतः शुगर असेल तर), सुरुवातीला घाम येतो, वैताग येतो, हळूहळू तास वाढवा. रोज चाला, जमलं तर पाण्यात चाला, पाण्याचा दाब मोज्यासारखंच काम करतो. मालीश हलक्या हातानं, जोरात रगडलं तर डागच वाढतील. जेवण नीट जेवा, वजन वाढलं की गुडघ्यांवर ताण येतो म्हणून सांभाळायचं, उपाशी राहायचं नाही. एवढं करूनही चालणं अवघड होत असेल तर लायपोसक्शन, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढायचं ऑपरेशन असतं, बऱ्याच जणींचं दुखणं त्यानं उतरतं, पण ते एका बैठकीत होत नाही, खर्च बराच आणि नंतरही मोजे लागू शकतात, म्हणून हाच आजार हाताळलेल्या सर्जनकडेच जा.

आणि कधी एकच पाय अचानक सुजला, लाल-गरम झाला, किंवा दम लागला, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते, त्या दिवशी बसची वाट बघू नका, गाडी करून थेट मोठ्या दवाखान्यात जा.