चर्चच्या कपाटातली मुलाम्याची भांडी : तुमचे प्रश्न

प्रश्न : जुन्या चषकाच्या तळाला ‘ई.पी.एन.एस.’ अशी अक्षरे आहेत. चषक तीनशे वर्षांचा आहे असे सांगतात. ही चांदीच ना?

नाही. ‘इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर’, म्हणजे जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, निकेल आणि जस्त असते. चांदी फक्त नावात असते. विजेच्या मुलाम्याचे इंग्लंडमधल्या एल्किंग्टन यांचे पेटंट १८४०चे, त्यामुळे ‘तीनशे वर्षांचा चषक’ ही ऐकीव गोष्ट इथेच संपते.

प्रश्न : भांडी काळी पडली आहेत. अॅल्युमिनियम फॉइल, सोडा आणि गरम पाण्यात बुडवली तर?

बुडवू नका. हा उपाय कुठून तरी ऐकून लोक करतात आणि मग विचारायला येतात. काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. तो भांड्याला खात नाही. घाई तुम्हालाच आहे. सोड्याच्या पाण्यात त्याची पुन्हा चांदी होते खरी, पण ती भुसभुशीत, निस्तेज असते आणि लवकर काळवंडते. कोरीव कामात मुद्दाम ठेवलेली काळी छटाही जाते. चषकाचा दांडा बहुधा पोकळ असतो. सांध्यातून आत गेलेले पाणी सहज निघत नाही, आतून गंज धरतो. बाजारातले ‘झटपट डिप’ म्हणजे भांडे बुडवून चकचकीत करायचे द्रावण आम्लयुक्त, तेही नको. घासण्याच्या पेस्टने तर दर वेळी थोडी चांदीच निघते, आणि मुलामा मुळात मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचा.

आधी फोटो काढा. शिक्के, देणगीदाराचे नाव, साल टिपून ठेवा. नायट्राइलचे हातमोजे घालून मऊ ब्रशने धूळ झाडा. मेणबत्तीचे सांडलेले मेण चाकूने खरवडू नका. भांडी आम्लरहित कागदात गुंडाळा, सोबत ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवा. रबरबँड आणि लोकरी कापड नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. पुढचे काम धातुसंवर्धकाचे, म्हणजे जुन्या धातूच्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाचे.

प्रश्न : कडांना तांबूस रंग दिसतो. नवा मुलामा द्यावा?

आताच नको. नव्या मुलाम्याआधी कारागीर जुना थर काढतो आणि बफ म्हणजे पॉलिशचे चाक फिरवतो. त्यात शिक्के व अक्षरे झिजतात. ‘नव्यासारखे करून देतो’ या बोलीचा अर्थ एवढाच. तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडलेली जुनी शेफील्ड भांडी असतील, तर नव्या मुलाम्याने त्यांची ओळखच पुसते. संवर्धकाने पाहिल्याशिवाय दुकानात देऊ नका.

प्रश्न : तोच चषक मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत वापरावा का?

आतला मुलामा झिजला असेल तर नाही. द्राक्षरसाच्या आम्लात तांबे विरघळते.

प्रश्न : भांडी विकली तर व्यापारी लगेच रोख द्यायला तयार आहे.

तरी थांबा. पवित्र केलेली भांडी आदराने वागवावीत, लौकिक वापरात आणू नयेत, असे कॅथलिक चर्चच्या कायद्याचे कलम ११७१ सांगते. आधी धर्मगुरूंना आणि धर्मप्रांताच्या कार्यालयाला विचारा.