इंदूरमध्ये तीन बेडचा डे स्पा पंधरा लाखांत बसेल का?

बसेल, पण पाच लाख बाजूला ठेवून उरलेल्या दहांत जागा उभी करता आली तरच. त्या पाचांतून चार-पाच महिन्यांचं भाडं आणि पगार निघतात, कारण सुरुवातीला बेड रिकामे असतात. तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या यादीत फॉल्स सीलिंग आहे, रिसेप्शनला कारंजं आहे, तेलं आहेत, उद्घाटनही आहे. धुणं कुठेच नाही. म्हणून लिहायला बसले.

आम्ही सपना-संगीता रोडजवळ काढला तेव्हा धाकटे दीर भागीदार होते. भावजींचं म्हणणं, गिऱ्हाईक आत शिरताच थक्क व्हायला हवं, धुण्याला काय, धोबी आहेच. मी सांगून थकले की एका मसाजला एक चादर, दोन टॉवेल आणि उशीचं कव्हर लागतं. तीन बेडवर प्रत्येकी पाच गिऱ्हाइकं धरली तर रोजचे पंधरा संच. एक खेप वापरात, एक धुण्यात, एक कपाटात, म्हणजे पंचेचाळीस. "वहिनी, टॉवेलांचं दुकान टाकायचंय का?" म्हणाले. कारंजं झालं.

धोब्याकडून टॉवेल पांढरेशुभ्र यायचे, कडक इस्त्रीचे. पण तिळाचं तेल थंड पाण्यानं निघत नाही, धाग्यात राहून खवट होतं. कपाटात कळत नाही, वर गरम अंग पडलं की कळतं. आणि मसाजला माणूस पालथा झोपतो, तोंड बेडच्या भोकात, नाक थेट कापडावर. एक बाई अर्ध्यातून उठल्या, "विझलेल्या पणतीसारखा वास येतोय हो" म्हणाल्या, आणि पूर्ण पैसे ठेवून गेल्या. भांडणारं गिऱ्हाईक परत येतं, असं मुकाट पैसे देऊन जाणारं येत नाही.

शेवटी माझी एफडी मोडून गरम पाण्याचं वॉशिंग मशीन, ड्रायर आणि जड पाणी मऊ करणारा सॉफ्टनर घेतला. इथे नर्मदेच्या पाण्याचा नळ दिवसाआड येतो, त्यावर एवढं धुणं होत नाही, आणि बोअरच्या जड पाण्यानं टॉवेल खरखरीत होतात. (तेलाचे टॉवेल ड्रायरमधून काढून गरमगरम रचून ठेवू नका. आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात.)

बाकीचं भराभर. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्पावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करायची सोय, गेलं. १८ टक्केवालं दहा लाखांचं सामान घेतलंत तर वरचे १ लाख ८० हजार तुमच्याच खिशातून. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर भाड्यावरचे १८ टक्केही, मग घरमालकाची नोंदणी नसली तरी. स्टीमचा जनरेटर एकटाच सहा किलोवॉट खाऊ शकतो, वर गीझर, एसी, ड्रायर. करारावर सही करण्याआधी मीटरचा मंजूर लोड बघा, नंतर वाढवायला वेगळे पैसे पडतात. थेरपिस्ट केरळहून किंवा ईशान्येकडून आणलात तर त्यांची राहायची खोली पगारात धरू नका, वेगळी धरा.

हो, एक राहिलंच. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत राहणार असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही, सीएला विचारून घ्या. आणि हे सगळं गल्लीतल्या, ओळखीवर चालणाऱ्या स्पाचं गणित आहे. मॉलमध्ये काढणार असाल तर थाटमाट लागतोच. त्याचा सल्ला आमचे भावजी आनंदानं देतील, कारंजंही स्वस्तात देतील.