पैसा मंजूर, मग शाळा अर्धवट का?

प्रश्न : आफ्रिकेतल्या अर्धवट शाळा, रस्ते यांच्याबद्दल वाचायला घेतलं की शेवटी गाडी भ्रष्टाचारावरच येते. पण सत्ता एकाच पक्षाची असतानाही कामं का लटकतात?

उत्तर : पैसे खाल्ले जातात, नाही कोण म्हणतंय, पण सगळंच त्यावर ढकलून चालत नाही. घाना घ्या. तिथे जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या डीसीईला (डिस्ट्रिक्ट चीफ एक्झिक्युटिव्ह) लोक निवडून देत नाहीत, राष्ट्राध्यक्ष नेमतो, खासदार मात्र निवडून येतो, आणि गंमत अशी की या डीसीईलाच बऱ्याचदा पुढच्या वेळी खासदारकीचं तिकीट हवं असतं, म्हणजे पक्ष एक, जिल्हा एक आणि तिकिटासाठी दोघं समोरासमोर! मग खासदाराने भिंतीपर्यंत आणलेल्या दवाखान्यावर डीसीई छप्पर कशाला घालेल, उद्घाटनाला फीत तर दुसराच कापणार. अभ्यासक मार्टिन विल्यम्स यांनी घानातल्या स्थानिक कामांचा अभ्यास २०१७ मध्ये छापला, त्यात सुरू झालेल्या कामांपैकी साधारण एक तृतीयांश पुरी होतच नाहीत असं दिसलं, आणि त्यांच्या मते खरं कारण लाचखोरीपेक्षा हे की कुठल्या कामाला पैसा द्यायचा यावर स्थानिक पुढाऱ्यांचं एकमत टिकतच नाही.

केनियात तर हे एका शाळेच्या कंपाउंडमध्येच बघायला मिळतं. २०१० च्या घटनेने ४७ काउंट्या, म्हणजे जिल्ह्यासारखे भाग, केले, बालवाडी काउंटीकडे दिली आणि पहिलीपासूनची शाळा केंद्राकडे ठेवली, त्यामुळे बालवाडीची खोली गव्हर्नरची, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या प्रमुखाची, शेजारचे वर्ग खासदाराच्या सीडीएफ, म्हणजे मतदारसंघ विकास फंडातले, आणि कुठल्या फंडातून बांधलं ते भिंतीवर ठळक रंगवलेलं. गव्हर्नरला पाचवीच्या गळक्या छपराशी देणंघेणं नाही, आणि खासदाराने बालवाडीला हात घातला तर तो त्याचा विषयच नाही. रस्त्यांचंही तेच. २०२४ मध्ये रस्ते दुरुस्तीच्या सेसमधले १०.५ अब्ज शिलिंग काउंट्यांनी खर्चायचे की केंद्राच्या एजन्सींनी, यावरून गव्हर्नर विरुद्ध खासदार असं जुंपलं की प्रकरण कोर्टात गेलं.

आता पक्ष वेगळे असले की काय होतं, तर नायजेरिया. लागोस राज्याचे गव्हर्नर, म्हणजे निवडून आलेले प्रमुख, टिनुबू यांनी ३७ नव्या स्थानिक संस्था काढल्या, त्यावरून २००४ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबासान्जोंनी लागोसच्या स्थानिक संस्थांचा निधीच अडवून धरला, सुप्रीम कोर्टाने असं करता येणार नाही म्हटलं तरी सगळे पैसे सुटायला २००७ उजाडलं, तेही राष्ट्राध्यक्ष बदलल्यावर. पण या कोंडीमुळेच लागोसने स्वतःच्या टॅक्स वसुलीवर जास्त जोर दिला, म्हणजे भांडणातून अगदीच वाईट निघतं असं नाही. आणि तेच टिनुबू आता राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांचं सरकार २०२४ मध्ये राज्यांविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं, की ७७४ स्थानिक संस्थांचे पैसे गव्हर्नरांच्या हातात न देता थेट त्यांनाच द्या, आणि जिंकलंसुद्धा.