इंग्रजांच्या काळात नागपुरात जुगाराकडे काणाडोळा करणाऱ्या पोलिसावर कारवाई व्हायची का?

कायद्यात सोय होती. १८६१ च्या पोलीस कायद्यातल्या कलम ७ नुसार वरिष्ठ अधिकारी निष्काळजी पोलिसाला निलंबित किंवा थेट बडतर्फ करू शकत. कलम २९ खाली जास्तीत जास्त तीन महिन्यांचा पगार दंड म्हणून जाई, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पण खरी मेख जुगाराच्याच कायद्यात होती. १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा मध्य प्रांताला, म्हणजे नागपूरलाही लागू होता. अड्डा चालवणाऱ्याला दंड जास्तीत जास्त २०० रुपये, खेळणाऱ्याला १००. साध्या शिपायाला घरात घुसून धाड टाकायचा अधिकार नाही. त्यासाठी मॅजिस्ट्रेट किंवा जिल्हा पोलीस सुपरिंटेंडेंट, किंवा त्यांचं वॉरंट लागे. आता गल्लीत रोज फिरतो कोण? शिपाई. साहेबाला खबर द्यायची की गप्प बसायचं, हे त्याच्याच हातात. हप्त्याची किंमत या गप्प बसण्याचीच, बाप्पा! (खबऱ्याला दंडातला वाटा देता येई, म्हणजे सरकारलाही हे ठाऊक असणार.) शिवाय आतल्या आत मिटलेल्या व्यवहाराची तक्रार करणार कोण? अड्डेवाला तर नक्कीच नाही.

गंमत अशी की, १९०२-०३ च्या पोलीस आयोगाचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर आधी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर, म्हणजे प्रांताचे प्रमुख, होते, त्यामुळे मुक्काम नागपूरच. त्या आयोगाने देशभरातल्या पोलिसांना भ्रष्ट आणि जुलमी म्हटलं, आणि शिपायांचा तुटपुंजा पगार वाढवायला सांगितलं. मला तरी पगारवाढीचा हा उपाय बडतर्फीच्या धाकापेक्षा जास्त पटतो.