प्रवास – वाचकांचे प्रश्न : उबेदाला दोन तास की दोन मुक्काम?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक असून परभणीला राहतो. मुलगी नोकरीनिमित्त माद्रिदला असल्यामुळे येत्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांसाठी स्पेनला जात आहोत. ग्रानादा आणि कोर्दोबा ही शहरे नक्की झाली आहेत. प्रबोधनकालीन वास्तूंसाठी प्रसिद्ध असलेले उबेदा हे गावही पाहावे, असे मुलगी सुचवते. परंतु ज्यांच्याकडे चौकशी केली, त्या प्रवास कंपनीने ‘तिथे दोन तास पुरेत’ असे सांगितले. आपले मत काय? आम्ही शाकाहारी आहोत आणि सौ.चे गुडघे दुखतात.
– एक वाचक, परभणी

उत्तर : दोन तासांत उबेदाचा मुख्य चौक पाहून होईल, उबेदा नाही. माझे मत विचाराल तर तिथे दोन मुक्काम करावेत आणि त्यासाठी दुसऱ्या एखाद्या शहराचा एक दिवस कमी करावा लागला तरी करावा.

हे मत समजण्यासाठी या गावाची घडण लक्षात घ्यावी लागेल. अंदालुसियातील हाएन प्रांतातले हे गाव कुठल्याही राजाची राजधानी नव्हते. इथला फ्रान्सिस्को दे लोस कोबोस हा बेताच्या परिस्थितीतल्या घराण्यातला माणूस सम्राट पाचव्या चार्ल्सचा सचिव झाला, अफाट संपत्ती आणि अधिकार मिळवून बसला आणि त्यातला मोठा वाटा त्याने आपल्या जन्मगावी दगडात ओतला. आपण मराठवाड्यातले लोक हे लवकर समजू शकतो, कारण देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख, हेमाद्री पंडित याचे नाव आपल्याकडच्या कितीतरी देवळांना चिकटलेले आहे. फरक इतकाच, की हेमाडपंती म्हणवणाऱ्या देवळांपैकी अनेक देवळे हेमाद्रीच्या आधीची आहेत आणि ती घडवणाऱ्या पाथरवटांची नावे बहुतेक ठिकाणी आपल्याला ठाऊक नाहीत. उबेदात मात्र पैसा कोणाचा आणि हात कोणाचा, हे दोन्ही स्पष्ट सांगता येते.

तो हात आंद्रेस दे व्हांदेलव्हिरा या वास्तुकाराचा. कोबोसने स्वतःच्या दफनासाठी बांधायला घेतलेल्या साल्व्हादोर चॅपेलचा, म्हणजे खासगी प्रार्थनागृहाचा, आराखडा 1536 मध्ये दिएगो दे सिलोएने केला. बांधकाम पुढे नेले व्हांदेलव्हिराने. 1547 मध्ये कोबोस वारला आणि चॅपेलचे अभिषेकविधी झाले 1559 मध्ये, म्हणजे ज्याच्यासाठी हा खटाटोप झाला त्याला ते पूर्ण झालेले दिसले नाही. आत जाताना मुख्य दारापाशी थांबून कमानीच्या आतल्या बाजूला वर पाहावे. ख्रिस्ती प्रार्थनास्थळाच्या उंबरठ्यावर तिथे चक्क ग्रीक-रोमन देवदेवता कोरलेल्या आहेत आणि प्रबोधनकाळ म्हणजे काय, याचे उत्तर तिथेच मिळते; बहुतेक पर्यटक मात्र त्या कमानीखालून मान खाली घालून निघून जातात.

आत गेल्यावर वेदीमागची मूर्तिमालिका पाहावी. मूळ काम आलोन्सो बेरुगेते या शिल्पकाराचे. 1936 मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, त्याची मोडतोड झाली आणि मूळ मूर्तींपैकी ख्रिस्ताची तेवढी वाचली. बाकीच्या नंतर नव्याने घडवल्या. परंतु माझा जीव जडला तो तिथल्या सॅक्रिस्टीच्या, म्हणजे पुजाऱ्यांच्या तयारीच्या खोलीच्या दारावर. दार नेहमी भिंतीत असते; व्हांदेलव्हिराने ते दोन भिंती जिथे मिळतात नेमक्या त्या कोपऱ्यात बसवले आहे. त्यामुळे त्यावरची कमान सरळ न जाता कोपऱ्यात दुमडते आणि तिचा एकेक दगड वेगळ्या मापाने, तिरका घडवावा लागतो. जवळ जाऊन दोन दगडांमधली सांध पाहिली, तेव्हा वेरूळच्या छिन्नीची आठवण झाली. दगड कापण्याच्या या विद्येवर व्हांदेलव्हिराच्या मुलाने, आलोन्सोने, पुढे ग्रंथही लिहिला.

हे चॅपेल ज्या मुख्य चौकात आहे, त्या चौकातच ‘साखळ्यांचा वाडा’ आहे. तो कोबोसचा नातलग हुआन व्हास्केझ दे मोलिना याच्यासाठी व्हांदेलव्हिराने बांधला. आज तिथे नगरपालिकेचे कार्यालय आहे. शेजारचा देआन ओर्तेगाचा वाडा 1930 पासून सरकारी हॉटेल म्हणून चालतो; तिथे राहणे खर्चिक आहे, पण आतल्या चौकात बसून कॉफी जरूर घ्यावी. गावाचा मुख्य चौक बऱ्यापैकी सपाट असल्याने सौ.ना इथे त्रास होऊ नये; मात्र जुन्या गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे, त्यामुळे चांगल्या तळाचे बूट हवेतच. व्हांदेलव्हिराचे शेवटचे मोठे काम, सान्तियागो रुग्णालय, जुन्या तटाबाहेर आहे. 1562 मध्ये सुरू झालेले हे काम 1575 मध्ये पुरे झाले, आणि त्याच वर्षी तो वारला. बाहेरून जवळजवळ कोरी भिंत, आत खांबांचा प्रशस्त चौक आणि रंगवलेल्या छताचा जिना, असा त्याचा थाट आहे.

दुसऱ्या दिवशी बाएसाला जावे. जेमतेम 9 किलोमीटर अंतर आहे, बस मिळते. युनेस्कोने 2003 मध्ये ही दोन्ही गावे मिळून जागतिक वारसा म्हणून नोंदवली, कारण इटलीतून आलेला प्रबोधनकालीन वास्तुविचार इथे रुजला आणि पुढे लॅटिन अमेरिकेतल्या बांधकामांपर्यंत पोहोचला. उबेदा सरदार-सचिवांचे, तर बाएसा कॅथेड्रलचे आणि विद्यापीठाचे गाव. कवी आंतोनियो माचादो 1912 ते 1919 या काळात इथे फ्रेंच शिकवीत होता. आपण दोघे शिक्षक असल्यामुळे हे मुद्दाम सांगतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी : माद्रिदहून येणारी रेल्वे ‘लिनारेस-बाएसा’ स्थानकावर थांबते, पण ते स्थानक बाएसा गावात नाही, बरेच दूर आहे. तिथून पुढची बस आधी पाहून ठेवावी. ग्रानादाहून येणार असाल तर उबेदापर्यंत बसच सोयीची.

एप्रिल हा महिना योग्य आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि परभणीच्या माणसाने उन्हाळा सोसायला स्पेनला जाण्याचे कारण नाही. ईस्टरच्या आधीचा आठवडा मात्र टाळावा. मिरवणुकांमुळे खोल्या मिळत नाहीत. दुपारी दोनपासून पाचपर्यंत बरीच दारे बंद असतात, तेव्हा आतून पाहायच्या वास्तू सकाळीच उरकाव्यात.

जेवणाबाबत ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे म्हणून भागत नाही. हॅम आणि मासा यांना तिथे अनेकजण मांसात धरत नाहीत. ‘सिन हामोन, सिन पेस्कादो’ हेही सांगावे. टोमॅटो, सिमला मिरची आणि ऑलिव्ह तेलाची ‘पिपिर्राना’ ही कोशिंबीर आपल्याला आवडेल. तीत टूना मासा आणि अंडे घालू नका, हे मात्र आधी बजावावे. तेल तिथले उत्तमच असणार, कारण या एका प्रांतात ऑलिव्हची 6 कोटींहून अधिक झाडे आहेत. संध्याकाळी गावाच्या कडेला उभे राहिले, की गुआदालकिव्हिरच्या खोऱ्यात डोंगरापर्यंत त्यांच्या रांगा कपाशीच्या सऱ्यांसारख्या दिसतात. दोन तासांत परतणाऱ्याला ती संध्याकाळ मिळत नाही.

प्रश्न : स्पेनच्या व्हिसासाठी किती आधी अर्ज करावा?
– एक वाचक, लातूर

उत्तर : स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त 6 महिने आणि कमीत कमी 15 दिवस करता येतो. दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत, कारण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर भेटीच्या तारखा मिळणे अवघड होते. किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक आहे. आपल्या भागासाठी वाणिज्य दूतावास मुंबईला आहे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर राहावे लागते, त्यामुळे लातूरहून निघताना मूळ कागदांसोबत प्रत्येकाची एक छायाप्रतही बरोबर ठेवावी.