ऑटोइम्यून हिपॅटायटिसमध्ये लिव्हरसाठी कोणते नैसर्गिक सप्लिमेंट द्यावेत?

तुम्ही लिहिलंय की बायकोचं वय ३८, बायोप्सीत ऑटोइम्यून हिपॅटायटिस निघाला, स्टेरॉइड सुरू होऊन तीन आठवडे झालेत आणि चेहरा गोल व्हायला लागलाय. घरच्यांनी गुळवेल, हळदीच्या कॅप्सूल, कुटकी, मिल्क थिसल अशी यादी हातात दिलीये. त्यातलं काय द्यायचं, आणि संत्री चालतात का, एवढं तुम्हाला हवंय.

मी डॉक्टर नाही, भाऊ. नागपुरात मानेवाड्याला राहते. २०१८ पासून मला हाच आजार आहे आणि तुमच्या यादीतली पहिली चूक मी स्वतः करून बसले आहे, म्हणून लिहिते.

गुळवेल देऊ नका. लॉकडाउनमध्ये शेजारच्यांच्या कडुनिंबावर चढलेली वेल होती, आणि कडुनिंबावरची गुळवेल म्हणजे सगळ्यात गुणकारी असं आपल्याकडे मानतातच. सासूबाई बोटभर कांडी ठेचून उकळायच्या, मी रोज सकाळी अर्धा कप प्यायचे. तेव्हा माझे रिपोर्ट नॉर्मल होते, गोळ्या अगदी कमी झाल्या होत्या. दोन महिन्यांनी एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतं ते, चारशेच्या वर. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेता का? मी नाही म्हटलं, आणि मला ते खोटं वाटलंही नाही. काढा म्हणजे औषध थोडंच! पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग ते म्हणाले, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते क्रमानं सांगा. तेव्हा चहा आणि टोस्ट यांच्यामध्ये काढा निघाला.

माझा आजार काढ्यानंच उलटला हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, तो आपणहूनही उलटतो. पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले, आणि पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण मांडले. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या रक्तात ऑटोइम्यून आजारात दिसणाऱ्या अँटिबॉडी होत्या. आयुष मंत्रालयाला हे मान्य नाही, गुळवेल सुरक्षित आहे असं त्यांचं म्हणणं. निरोग्या माणसानं तो वाद घालत बसावा. आपल्या घरी आजारच असा आहे की लिव्हर दुबळं नाही, स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडलीये. एकीकडे तिला खाली बसवायला प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) आणि अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध) द्यायचं, दुसरीकडे तिलाच उठवायला इम्युनिटी वाढवणारा काढा, हे कसं चालेल? अश्वगंधाही याच कारणानं नको. तिच्यामुळेही लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

हळद वरणात, भाजीत घाला, काही भीती नाही. कॅप्सूलची गोष्ट वेगळी आहे. अंगात फारशी शोषली न जाणं हा हळदीतल्या कर्क्युमिनचा गुण म्हणा की दोष. म्हणून कंपन्या त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात. बंगळुरूत १९९८ साली झालेल्या एका अभ्यासात त्यानं कर्क्युमिनचं शोषण वीस पटींनी वाढलं होतं. जाहिरातीत हे अभिमानानं छापतात, पण अशाच कॅप्सूल घेऊन लिव्हर बिघडल्याच्या घटना अमेरिका-इटलीत नोंदल्या गेल्यात. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांचंही तेच.

मिल्क थिसल सहसा त्रास देत नाही, पण या आजारात त्याचा उपयोग होतो याचा भरवशाचा पुरावाही नाही. म्हणजे पैसे गेले, एवढंच. कुटकीबद्दलही तसा पुरावा नाही, आणि मोकळी पूड कोणी कशात काय मिसळून दिली हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. कुणी कावीळ उतरवायची माळ घाला म्हणून सांगेल. साध्या व्हायरल काविळीत बहुतेक माणसं आपोआप बरी होतात आणि नाव माळेचं होतं. हा आजार आपोआप जात नाही.

आता खरं जे द्यायचं ते. स्टेरॉइडनं हाडं झिजतात, म्हणून कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. माझ्या बाबतीत सप्लिमेंटची यादी इथेच संपते. दूध, दही, नाचणी, तीळ धरून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम व्हायला हवं, कमी पडेल तेवढंच गोळीतून. व्हिटॅमिन डीची ती साठ हजार युनिटची पुडी मात्र दुकानातून आणून महिनोन्महिने खाऊ घालू नका, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. किती आठवडे घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि हाडांची डेक्सा (हाडं किती घट्ट आहेत ती) तपासणी कधी करायची तेही विचारा.

लसींचं मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. हिपॅटायटिस ए आणि बी, फ्लू, न्यूमोनिया यांचं विचारा. गोवर किंवा कांजिण्यांच्या लसीसारख्या जिवंत लसी या औषधांवर असताना साधारणपणे देत नाहीत. हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी झाली नसेल तर तीही लगेच करून घ्या, स्टेरॉइडखाली तो दबलेला विषाणू उफाळू शकतो. अझाथायोप्रिन सुरू झालं की रक्तातल्या पेशींची तपासणी वेळच्या वेळी, आणि ताप आला तर घरी वाट बघत बसायचं नाही. त्या औषधानं कातडी उन्हाला हळवी होते. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी बाहेर पडायचं कारणच नाही, पण फेब्रुवारीतही दुपट्टा आणि सनस्क्रीन हवंच. रस्त्यावरचा उसाचा रस, त्यातला बर्फ आणि पाणीपुरी काही काळ बंद.

स्टेरॉइडनं भूक वाढते, त्याची तयारी ठेवा. मी रात्री दोन वाजता उठून चिवड्याचे डबे उघडायचे, चार महिन्यांत नऊ किलो वाढले, साखरही सरकली. आपलं झणझणीत सावजी जेवण पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही, माझंच सुटलं नाही, पण महिन्यातून एकदा आणि वरची तेलाची तर्री बाजूला. रोज ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी. बिनसाखरेची कॉफी आवडत असेल तर पिऊ द्या, लिव्हरच्या बाबतीत कॉफीबद्दल बरंच चांगलं आढळलंय.

आरशात चेहरा बघून वहिनी स्टेरॉइड सोडायचं म्हणतील. डोस उतरला की चेहरा उतरतो. पण गोळी एकदम बंद केली तर आजार उलटतोच, शिवाय शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावलेलं असतं, त्यामुळे चक्कर, उलट्या, रक्तदाब पडणं, थेट जिवावर बेतू शकतं. पुढच्या ओपीडीला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, चूर्णं एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओता. मी आता तसंच करते, आजीनं दिलेलं त्रिफळासुद्धा.

आणि संत्री? खुशाल खाऊ द्या, साखर वाढलेली नसेल तर दिवसाला दोन. फक्त पुढे कधी प्रेडनिसोलोनऐवजी बुडेसोनाइड हे दुसरं स्टेरॉइड लिहून दिलं तर ग्रेपफ्रूट टाळायचं असतं, त्यानं औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. ते फळ नागपूरच्या आपल्या कॉटन मार्केटात सहसा दिसत नाही, पण मॉलमधल्या ज्यूसच्या डब्यात असतं, तेव्हा डबा फिरवून वाचा.