ताब्याच्या अर्जात आरोप लिहिण्याआधी

प्रिय मुली,

तुझा अशिलाबद्दलचा निरोप वाचला. चार वर्षांची पोर रविवारी बाबांकडून घरी आली, रात्री कपडे बदलताना ‘इथे दुखतं’ म्हणाली आणि सकाळी तिच्या आईने तुला फोन करून विचारलं, ‘मॅडम, पॉक्सो लावायचा का?’, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली तक्रार करायची का. पोरीच्या ताब्याच्या अर्जावर पुढच्याच आठवड्यात तारीख आहे. बाई खरं बोलतेय का, असं तू मला विचारलं आहेस. ते मला इथे बसून कळणार नाही, तुलाही कळणार नाही, आणि ते ठरवणं आपलं कामही नाही. पोर पहिल्यांदा जे बोलली ते जसंच्या तसं जपणं, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

फॅमिली कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर माझं मत झालंय की मुळापासून रचलेला आरोप त्या मानाने कमी असतो. आरोप वाढतो तो वकिलाच्या टेबलावर. आई सांगते, ‘शी धुताना तो घासून धुतो, ती रडते.’ टाइप होतं ‘अयोग्य स्पर्श’. पुढच्या ड्राफ्टमध्ये त्याला ‘वारंवार’ जोडलं जातं. प्रतिज्ञापत्रावर सही झाली की त्या बाईला परतीची वाट उरत नाही. उलटतपासणीत तिला आपण घातलेले शब्द स्वतःचे म्हणून सांभाळावे लागतात, आणि तिथे ती अडखळली की तिचं खरं म्हणणंही खोटं ठरतं. म्हणून तिच्या तोंडी नसलेला एकही शब्द अर्जात घालू नकोस.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. ताब्याच्या भांडणातली तक्रार म्हणजे खोटीच, असं कॉरिडॉरमध्ये तुला रोज ऐकू येईल. कॅनडात १९९८ साली बालछळाच्या तक्रारींची देशव्यापी पाहणी झाली. तपास करणाऱ्यांच्या मते मुद्दाम केलेल्या खोट्या तक्रारी एकूण ४ टक्के होत्या, ताब्याचा वाद असलेल्या प्रकरणांत १२ टक्के. त्या करण्यात ज्यांच्याकडे ताबा नव्हता ते पालक, म्हणजे बहुधा वडील, पुढे होते. ताबा असलेले पालक, म्हणजे बहुधा आई, आणि मुलं सगळ्यांत मागे. वाद असला की प्रमाण वाढतं हे खरं, पण म्हणून समोर बसलेल्या आईला आधीच खोटारडी ठरवता येत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. आईला आजच लिहून काढायला सांग: किती वाजले होते, पोर काय करत होती, नेमकं काय म्हणाली, त्याआधी आईने काय विचारलं होतं. शरीराच्या भागाला पोर जो शब्द वापरते तोच लिहायचा. पुढे प्रश्न विचारायचे नाहीत. ‘बाबांनी इथे हात लावला ना?’ असं तीनदा विचारलं की त्या वयाचं मूल मान डोलावतंच. पहिलं उत्तर चुकलं असावं असं त्याला वाटतं. आणि मोबाइलवर व्हिडिओ तर मुळीच नको. मी असे पुष्कळ पाहिलेत. पोर सोफ्यावर, हातात बिस्कीट, नजर फोनकडे, आणि मागून आईचा आवाज, ‘मगाशी सांगितलंस तसं सांग.’ घडलेला अत्याचारही अशा तीन मिनिटांत कोर्टाच्या नजरेत शिकवलेला होऊन बसतो.

पोरीला लगेच डॉक्टरांकडे न्यायला सांग. एकाच डॉक्टरांकडे, आणि तिचे शब्द त्यांना जसेच्या तसे सांगायचे. लघवीच्या जंतुसंसर्गानेही दुखतं, पुरळानेही दुखतं. पण पोरीच्या बोलण्यातून लैंगिक अत्याचाराची शंका येत असेल तर पोलिसांकडे जाणं ऐच्छिक नाही. पॉक्सोच्या कलम १९ ने ती जबाबदारी घातली आहे, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्याला संरक्षणही दिलं आहे. मुलीचा जबाब घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. हे आईला आधी समजावून सांग, ती ठाण्याच्या नावानेच घाबरलेली असेल.

तक्रार करायची तर आज. तारखेपर्यंत राखून ठेवायची नाही. ‘म्युच्युअलला (परस्परसंमतीच्या घटस्फोटाला) तयार झाला तर तक्रार मागे घेऊ’ हे वाक्य आपल्या ऑफिसातून कधीही जाता कामा नये. तक्रार खरी असेल तर आपण पोरीला वाऱ्यावर सोडलं, खोटी असेल तर ती खंडणी झाली. बदनामी किंवा धमकावणी एवढ्याच हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीला पॉक्सोच्याच कलम २२ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे.

तपास संपवताना पोलीस कोर्टाला देतात त्या अहवालाचा अर्थही नीट लावायला शीक. आपल्याकडे महाराष्ट्रात ‘बी समरी’ म्हणजे तक्रार खोटी आणि हेतुपुरस्सर. ‘सी समरी’ म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. सी समरी हातात घेऊन ‘खोटी तक्रार सिद्ध झाली’ असा युक्तिवाद करणारे वकील तुला भेटतील. त्यांना तिथेच थांबव. आरोपी सुटला एवढ्यावरून तक्रार म्हणजे घटस्फोटाला कारण होणारी क्रूरता ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये वैवाहिक वादातच सांगितलंय.

मानसिक छळाबद्दल माझा राग तुला ठाऊक आहे. ‘शारीरिक व मानसिक छळ केला’ हा परिच्छेद प्रत्येक अर्जात जुन्या फाइलवरून उचललेला असतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भावनिक छळ स्पष्टपणे आहे, पण तो दिसला पाहिजे. आठ दिवस नवरा तिच्याशी एक शब्द बोलला नाही, शाळेच्या ग्रुपमधून तिला काढायला लावलं, पोरीसमोर ‘तुझी आई वेडी आहे’ म्हणाला: असं लिही, तारखांसकट. ती झोपेच्या गोळ्या घेत असेल तर ते लपवू नकोस. समोरचा वकील डॉक्टरांची ती चिठ्ठी काढणारच. गोळ्या घेऊन ती पोरीला वेळेवर शाळेत सोडते, हे दाखवणारं शाळेचं हजेरीपत्रक आपल्याकडे तयार हवं.

उद्या तुझ्याकडे असाच आरोप झालेला बाप येईल. त्याच्यासाठीही तितकीच झट. ‘बायको मनोरुग्ण आहे’ असा उलट अर्ज पहिल्याच दिवशी टाकायचा नाही. भेटी पूर्ण बंद होण्यापेक्षा कोर्टाच्या आवारातल्या, समुपदेशकाच्या देखरेखीखालच्या भेटी स्वतःहून मागायच्या आणि एकही चुकवायची नाही. पोर आली नाही तरी हा आला होता, याची नोंद करून घ्यायची. भेटीत पोरीशी केसबद्दल चकार शब्द नाही. बायकोचे मेसेज असलेला फोन विकायचा नाही, बदलायचा नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्याच फोनवरून द्यावं लागेल.

आईने लिहून दिलं की तो कागद टाइप न करता, तिच्याच अक्षरात, माझ्याकडे पाठव. अर्ज त्यानंतर बघू.

तुझी,
मॅडम